दगड ओळखीचा, मग शिल्प परके का?

शेण, माणसाचे केस, तागाचे दोर, कोळसा, शीतपेयाच्या बाटल्यांची झाकणे, समुद्रातले शिंपले यांची मांडणी करावयाची आणि तिला शिल्प म्हणावयाचे, हा काय प्रकार आहे, असा प्रश्न आपल्या मंडळींत अलीकडे वारंवार ऐकू येतो. आपली मंडळी म्हणजे बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली मराठी घरे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत अशा मांडणशिल्पाचे छायाचित्र आले, किंवा कोणी २०१२ पासून कोचीला भरत आलेले द्वैवार्षिक कलाप्रदर्शन पाहून आले, की बैठकीत चर्चा निघते आणि ती ‘अडगळ’ या एका शब्दाशी येऊन थांबते. शब्द उच्चारणारी माणसे अरसिक नसतात. त्यांच्या घरी संगीताच्या बैठका झालेल्या असतात, कपाटात ज्ञानेश्वरीपासून अलीकडच्या कादंबऱ्यांपर्यंत सारे असते. म्हणूनच या शब्दाचा प्रतिवाद करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: या शिल्पांतील पदार्थ विचित्र नाहीत. निदान बीदर-कलबुर्गीच्या माणसाला तरी ते विचित्र वाटण्याचे काही कारण नाही. हे पदार्थ ज्यांच्या अंगणात, शेतात, देवघरात रोज वापरले जातात त्यांनीच त्यांना अडगळ म्हणावे आणि लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांनी ते काचेआड जपावेत, हा उलटा न्याय झाला. त्याची किंमत आपल्या पुढच्या पिढीला मोजावी लागणार आहे.

प्रथम आक्षेपकांची बाजू नीट मांडू. आपली शिल्पाची कल्पना कशी घडली? गणपतराव म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’, विनायकराव करमरकर यांचा पुण्यातील १९२८ सालचा अश्वारूढ शिवछत्रपतींचा ब्राँझचा पुतळा, ही आपली मानदंडे. चित्राच्या बाबतीत तर मानदंड आपल्याच गावचा: गुलबर्ग्यात १९१६ साली जन्मलेल्या एस. एम. पंडितांनी देवादिकांची जी रूपे रंगवली ती कॅलेंडरांवरून घरोघरी पोचली. अवयव रेखीव असावेत, मुद्रा ओळखू यावी, वस्त्राची चुणी खरी वाटावी, ही अपेक्षा तिथून आली. ती अपेक्षा वावगी नाही, आणि तिची टिंगल करणाऱ्या शहरी समीक्षकांशी आमचे मुळीच जमत नाही.

पण याच मानदंडांकडे नीट पाहावे. ‘मंदिरपथगामिनी’ म्हात्र्यांनी विद्यार्थिदशेत घडविली ती संगमरवरात नव्हे, साध्या प्लास्टरमध्ये. करमरकरांचे अलिबागजवळ सासवणे येथील शिल्पालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की ब्राँझचा एवढा मोठा पुतळा ओतून घेणाऱ्या या शिल्पकाराने घर बांधावयाच्या सिमेंटमधूनही माणसे आणि जनावरे उभी केली. त्या काळी सिमेंट हा शिल्पाचा पदार्थ आहे असे कोण म्हणत होते? पदार्थाची प्रतिष्ठा आधी ठरलेली नसते. काम करणारा हात ती पदार्थाला मिळवून देतो. ही शिकवण आपल्याला परदेशातून आणावी लागली नाही.

आता पहिला आक्षेप: हे पदार्थ हीन आहेत. शेणाचे उदाहरण घेऊ. भद्रावतीला १९५७ साली जन्मलेल्या आणि बेंगळुरूस काम करणाऱ्या शीला गौडा मूळच्या चित्रकार. १९९०नंतरच्या दशकाच्या आरंभी, देशातील दंगलींच्या वातावरणात, कॅनव्हास आणि तैलरंग त्यांना अपुरे वाटू लागले, आणि त्या शेण हाताळू लागल्या. पुढे १९९८ साली त्यांनी शेकडो फूट दोरा सुयांतून ओवून, कुंकवाने माखून त्याचे दोरखंड केले. २००९ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांनी सुमारे चार किलोमीटर लांबीचा केसांचा दोर आणि मोटारींचे बंपर एकत्र मांडले. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून केसांचा दोर बांधण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि देवाला वाहिलेल्या केसांचे पुढे काय होते हेही आपल्याला माहीत आहे. भक्ती, भीती आणि व्यापार एकाच दोरात वळलेले आहेत, हे सांगण्यास केसांवाचून दुसरा कोणता पदार्थ उपयोगी पडला असता? ते काम आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

आणि शेणाला नाके मुरडणाऱ्यांनी दिवाळीचा पाडवा आठवावा. त्या दिवशी दारात शेणाचे पांडव मांडतात, त्यांच्या डोक्यात झेंडूची फुले आणि आघाड्याचे तुरे खोवतात. मराठी घरांत मांडतात, शेजारच्या कानडी घरांतही मांडतात. त्या पांडवांना नाक-डोळे नसतात, भीम कोणता आणि नकुल कोणता हे ओळखू येत नाही, म्हणून कोणी आजवर त्यांना अडगळ म्हटलेले नाही.

मातीचेही तसेच. बिदरी कामाचा अभिमान आपण सारे मिरवतो. पाहुणा आला की बिदरीची एखादी डबी हाती ठेवतो. पण बिदरीचे मर्म चांदीत नाही. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे अशा मिश्रधातूचे ओतीव भांडे, त्यावर कोरून बसविलेली चांदीची तार वा पत्रा, इथवर ते हिंदुस्थानातील कोणत्याही जडावाच्या कामासारखे असते. मग किल्ल्यातील, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागेतील माती नवसागरासह पाण्यात कालवतात, तापविलेले भांडे तिने माखतात, आणि जस्त कायमचे काळे पडते, चांदी मात्र पांढरी राहते. कारागीर ही माती जिभेवर ठेवून पारखतो. ज्या गावाचे नाव जगभर एका मातीच्या गुणामुळे गेले, त्या गावच्या माणसाने ‘माती म्हणजे कसले शिल्प’ म्हणावे, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. त्याच किल्ल्यातील रंगीन महालात काळ्या दगडात मोत्याचे शिंपले जडवलेले आहेत. तो दगड आणि तो शिंपला एकत्र आणणाऱ्यालाही त्या काळी कोणी तरी हा काय मेळ म्हणून हसले असेलच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे टिकत नाही. शिल्प म्हणजे पुढील दहा पिढ्यांनी पाहावे असे काही. वाळणारे, कुजणारे, विस्कटणारे ते शिल्प कसे? यावर आमचा प्रतिप्रश्न आहे. आपल्या घरच्या महालक्ष्म्या किती दिवस टिकतात? पितळेचे वा शाडूचे मुखवटे, खाली कोठ्या, कोठ्यांत धान्य, वर नेसवलेली लुगडी, पुढे फळाफुलांची आणि फराळाची आरास. तीन दिवस त्या घरात साक्षात वावरतात आणि मग उतरवल्या जातात. मुखवटा पेटीत जातो, धान्य स्वयंपाकघरात, लुगडे कपाटात. मांडणशिल्पाची याहून नेमकी व्याख्या आम्हांस तरी सुचत नाही: ओळखीच्या वस्तू ठरलेल्या जागी, ठरलेल्या काळासाठी अशा रीतीने एकत्र आणणे की त्या एरवीच्या वस्तू राहत नाहीत.

शेतात चला. मार्गशीर्षातील वेळ अमावास्या, कानडीत एळ्ळ अमावास्या, हा लातूरपासून कलबुर्गीपर्यंतचा आपला खास सण. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागतो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून बसतात, भज्जी, आंबील आणि उंड्यांचा नैवेद्य होतो, गावच्या गाव रानात लोटते. दुसऱ्या दिवशी कडबा जनावरांपुढे पडतो. ही कोप टिकाऊ नाही म्हणून तिची थोरवी कमी झाली काय? ती दरवर्षी नव्याने उभी करावी लागते, आणि म्हणूनच ती कशी उभी करावयाची हे ज्ञान पिढ्यांमागून पिढ्या टिकले. सोयाबीन वाढले, ज्वारी हटली, कडबा महाग झाला, त्याबरोबर कोपही आक्रसू लागली आहे. खरी चिंता करावयाची तर ती या विसरण्याची करावी.

उलट, टिकाऊपणाची हमी धातू देतो काय? सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी शिवछत्रपतींच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. प्रत्येक मराठी माणसाला त्या दिवशी झालेली वेदना आम्हांसही झाली. दोष कुणाचा याची चर्चा इथे करावयाची नाही. एवढेच म्हणावयाचे की उंची आणि घाई यांच्यापुढे पदार्थाचा विचार मागे पडला की ब्राँझचेही काय होते, ते आपण पाहिले. समुद्राची खारी हवा धातूला काय करते हे जाणून घेणे हाही शिल्पकलेचाच भाग आहे. बिदरीचा कारागीर जस्ताचा स्वभाव जाणतो, वेळ अमावास्येचा शेतकरी कडब्याचा स्वभाव जाणतो.

तिसरा आक्षेप: हे कोणीही करील, आणि यातून अर्थ काही निघत नाही. इथे आम्ही अर्ध्या वाटेवर आक्षेपकांबरोबर आहोत. मांडणशिल्पाच्या नावाखाली पुष्कळ फसवे काम चालते. शेजारी लावलेल्या निवेदनाचे दोन परिच्छेद वाचल्यावाचून जे उलगडत नाही आणि वाचल्यावर अधिकच दुर्बोध होते, त्याला आम्हीही दुरूनच नमस्कार करतो. पण खोटे नाणे बाजारात आले म्हणून चांदीच नाकारावयाची नसते. कस लावून पाहावयाचा असतो. आमची कसोटी साधी आहे. या कामातील पदार्थ काढून त्या जागी दुसरा घातला तर काही बिघडेल काय? बिघडणार नसेल तर ती नुसती सजावट. बिघडणार असेल तर थांबून पाहावे.

चंद्रपूर जिल्ह्यातील सास्तीचे, १९८६ साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते घ्या. खाणकामगारांच्या घरातून आलेले हे कलावंत कोळशाने भिंतीच्या भिंती रेखाटतात. शेती गिळणारी खाण आणि खाणीत उतरणारा शेतकरी त्यांच्या चित्रांतून येतो. कोळशाच्या जागी काळा तैलरंग वापरून पाहा, निम्मा अर्थ गळून पडतो. मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी १९९०नंतरच्या दशकाच्या अखेरीस कोका-कोलाच्या बाटल्यांची झाकणे जोडून साडी केली. परदेशी पेय खेड्यापाड्यांत शिरत होते, हातमाग बंद पडत होते, आणि त्या घटकेला हातांनी विणलेली ही पत्र्याची साडी समोर आली. झाकणांऐवजी टिकल्या लावल्या असत्या तर तिचे नटवे वस्त्र झाले असते. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) तागासारख्या वनस्पतिजन्य धाग्याचे दोर हाताने गाठी मारमारून अशा आकृती घडवीत की देवता, फूल आणि वृक्षाचे खोड एकाच देहात दिसावेत. ‘वनश्री’, ‘यक्षी’ अशी नावे त्या देत. वनस्पतीचा आकार वनस्पतीच्याच तंतूतून उगवतो, आणि तो ब्राँझमध्ये तसाच उगवला नसता. बेंगळुरूच्या रंजनी शेट्टर पोलादी तारांवर मलमल ताणून तिला चिंचोक्याच्या पिठाची खळ देतात. २०१८ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांचे काम मांडले गेले. घोंगडीला चिंचोक्याची खळ देणारे धनगर आपल्या तालुक्यांत आहेत. त्यांनी ते काम पाहिले असते तर पहिला प्रश्न खळीच्या पातळपणाविषयी विचारला असता, आणि तो अत्यंत रास्त प्रश्न ठरला असता.

हीच कसोटी आता आपल्या चौकांतील पुतळ्यांना लावू. ब्राँझचा रंग दिलेले फायबरचे किती पुतळे आपल्या गावांत उभे आहेत? पदार्थ बदलला, कोणाच्या लक्षात तरी आले काय? आले नाही, कारण त्या पुतळ्याकडे शिल्प म्हणून आपण पाहिलेलेच नव्हते; खाली कोरलेले नाव तेवढे वाचले होते. थोरांचे स्मरण करण्यास आमचा विरोध नाही, आमची मान तिथे लवलेलीच आहे. पण स्मरण आणि शिल्प यांची गल्लत करून, ज्यात नाव कोरलेले नाही त्याला अडगळ ठरवण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

येथे या नव्या कलेच्या कर्त्यांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. पदार्थ खेड्यातला, कसब खेड्यातले, आणि नाव तेवढे प्रदर्शनात मांडणाऱ्याचे, हा व्यवहार आम्हांस मान्य नाही. गाठी मारणारे, ओतकाम करणारे, तार बसवणारे हात जर दुसऱ्याचे असतील तर त्यांची नावे शिल्पाशेजारी आली पाहिजेत. बीदरचे ज्येष्ठ बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, याचा आम्हांस आनंद आहे. पण एका पद्मश्रीने शेकडो अनाम हातांचे देणे फिटत नाही. चित्रपटाच्या शेवटी दिवे धरणाऱ्याचेही नाव पडद्यावर येते. कलादालनाने तेवढे सौजन्य शिकण्यास हरकत नसावी.

आता हा वाद आपल्या दृष्टीने महत्त्वाचा का, हे सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचा मुलूख विभागला गेला. बीदर आणि गुलबर्गा तत्कालीन म्हैसूर राज्यात आले; उदगीर, निलंगा, अहमदपूर तत्कालीन मुंबई राज्यात गेले. एकाच घरातील भाऊ दोन राज्यांत राहिले. तेव्हापासून आपली अस्मिता पाट्यांवर, शाळांच्या माध्यमांवर आणि पुतळ्यांवर मोजली जाते. भाषेसाठी भांडणे न्याय्य होते आणि अजूनही आहे. परंतु पुतळ्यांच्या भाषेत बोलू लागले की प्रत्येक समाजाला आपला पुतळा शेजाऱ्याच्या पुतळ्याहून उंच हवा असतो, आणि त्या शर्यतीत संख्येने थोडे असलेल्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला दरवेळी रुसवा येतो. पदार्थाची भाषा निराळी आहे. शहाबादी फरशी कोणत्या भाषेत बोलते? सोलापूर-पुण्याच्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माणसे आपल्या जिल्ह्यावर चालत आली आहेत. तुरीच्या काठ्यांचा कूड, जांभ्याची विहीर, काळ्या मातीच्या भेगा, बिदरीचा काळा रंग ही मराठीची, कानडीची, उर्दूची आणि तेलुगूची सामाईक इस्टेट आहे. या पदार्थांतून घडलेल्या शिल्पापुढे उभे राहिलेल्या चौघांना एकमेकांशी बोलण्यासाठी दुभाषी लागणार नाही.

भीमेकाठचे सन्नती यासंदर्भात विसरता येत नाही. १९८६ साली तेथील चंद्रला परमेश्वरीच्या देवस्थानातील काली मंदिराचे छत कोसळले, आणि मूर्तीच्या बैठकीखालचा दगड अशोकाचा शिलालेख असल्याचे उघडकीस आले. शेकडो वर्षे भाविकांचे हात मूर्तीपुढे जोडले गेले, ते योग्यच होते. खालच्या दगडाकडे मात्र कोणाची नजर गेली नाही. जवळच कनगनहळ्ळीला स्तूप सापडला. त्याच्या चुनखडीच्या शिळांवर अशोकाची प्रतिमा नावासह कोरलेली आहे. फरशी म्हणून आपण जो दगड अंगणात घालतो त्याच जातीचा हा दगड. दगड पाहावयाचा असतो ही सवय असती, तर सन्नतीचा ठेवा छत कोसळण्याची वाट पाहत राहिला नसता.

कलबुर्गीत दृश्यकलेचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. आपल्या घरांतील मुले-मुली तिथे आणि त्यापुढे बडोदा-मुंबईस शिकत आहेत. सुटीत घरी येऊन एखादी मुलगी तुरकाठ्यांची नाही तर फरशीच्या तुकड्यांची मांडणी करू लागली आणि वडीलधाऱ्यांनी ‘एवढे शिकून हेच का’ म्हटले, तर पुढच्या खेपेस ती ते काम बेंगळुरूला करील, आणि मग आपण ते वर्तमानपत्राच्या पुरवणीत पाहू. गोव्यात सुबोध केरकरांनी डॉक्टरकी सोडून किनाऱ्यावरची वाळू, शिंपले आणि कोळी बांधवांनाच शिल्पाचे माध्यम केले. पुढे २०१५ साली पिळर्ण येथे त्यांनी कलासंग्रहालय उभे केले. गोव्याच्या समुद्राने गोव्याला शिल्प दिले. आपला जांभा आणि आपली काळी माती आपल्याला काय देऊ शकेल, हे ठरविण्याआधी त्या मुलीला निदान अंगण तरी मोकळे करून द्यावे.

म्हणून आमच्या मागण्या तीनच. आपल्या समाजाच्या पैशातून यापुढे जे स्मारक उभे राहील, त्याच्या समितीने पहिल्या बैठकीत उंचीचा प्रश्न न घेता पदार्थाचा घ्यावा: या भूमीतले काय, ते कोण घडवणार, आणि इथल्या उन्हात ते कसे वागणार. दुसरे, येत्या वेळ अमावास्येला ज्यांच्याकडे रान आहे त्यांनी कलाविद्यार्थ्यांना कोप बांधण्यास बोलवावे, आणि बांधणाऱ्या म्हाताऱ्या गड्याला त्यांचा गुरू म्हणून बसवावे. तिसरे, ज्या कामात कारागिराचे नाव नाही त्याच्या उद्‌घाटनास आपल्यापैकी कोणी जाऊ नये.

यापैकी काहीच करावयाचे नसेल तर तीही प्रत्येकाची मर्जी. पण तोवर ‘अडगळ’ हा शब्द जपून वापरावा. दारातल्या शेणाच्या पांडवांना आणि कोठ्यांवरच्या महालक्ष्म्यांना तो लागू होतो की नाही, याचे उत्तर आधी द्यावे लागेल.